गणपती गेले, रिमोट राहिले

गौरी-गणपतीचे दिवस सरले की मसुऱ्यातली घरे एकाएकी मोठी वाटू लागतात. पडवीतला चपलांचा ढीग नाहीसा होतो, माजघरातल्या गाद्या पुन्हा माळ्यावर जातात आणि मुंबईचे चाकरमानी कणकवली स्टेशनाची वाट धरतात. मागे राहतात घरची दोन वडीलधारी माणसे, डब्यातल्या चार-दोन नेवऱ्या आणि टीव्हीखालच्या फळीवर एकावर एक चढलेल्या काळ्या पेट्या. एक सेट-टॉप बॉक्सची, एक पुतण्याने आणलेल्या स्पीकरची, एक नातवाच्या व्हिडिओ गेमची. शेजारी चार रिमोट. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आजी बातम्यांसाठी टीव्हीचे बटण दाबते. पडदा उजळतो, पण बातम्या दिसत नाहीत. एक इंग्रजी पाटी तेवढी इकडून तिकडे फिरत असते. मग मुंबईला फोन जातो, "झिला, टीव्ही लागणा नाय!"

पलीकडे मुलगा लोकलच्या गर्दीत उभा असतो. तो म्हणतो, "रिमोटवर 'सोर्स' लिहिलंय ते दाब." अलीकडून प्रश्न येतो, "खयच्या रिमोटवर?" आणि संवाद तिथेच संपतो. पुढे वाडीतला एखादा शाळकरी मुलगा येतो, दोन बटणे दाबतो, बातम्या सुरू होतात. तो आला नाही, तर टीव्ही आठवडाभर मुका.

हा प्रसंग कोणा एका घरचा नाही. ज्या घरात तरुण माणसे वर्षातून दोन-तीनदा येतात आणि म्हातारी माणसे बारा महिने राहतात, अशा कोकणातल्या हजारो घरांचा तो आहे. म्हणूनच 'घरासाठी कोणता गेम घ्यावा' हा आज घरोघरी विचारला जाणारा प्रश्न इथे वेगळा होतो. दुकानदार चित्र किती सुंदर, वेग किती, साठवण किती ते सांगतो. मसुऱ्यातल्या घराला त्याआधी दुसरेच विचारावे लागते. दहा दिवस हा खेळ कोण कोण खेळणार? आणि उरलेले दिवस त्याच टीव्हीसमोर एकटे कोण बसणार? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या पेटीत मिळतात, तीच घरासाठी योग्य पेटी.

वायर उपटण्याचे दिवस

गडनदीच्या खाडीकाठी, भरतगडाच्या पायथ्याशी पसरलेले मसुरे हे अनेक वाड्यांचे गाव. भराडीदेवीची आंगणेवाडी याच गावातली. इथली करमणूक मुळातच सामुदायिक. जत्रेतले दशावतार, देवळातली भजने, आणि दोन बुवा समोरासमोर बसून रात्र जागवणारी डबलबारी. टीव्ही आला तोही असाच, सगळ्यांनी मिळून पाहायची वस्तू म्हणून.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये चित्र रंगीत झाले आणि जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' दिसू लागले. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओटीवर सारी वाडी, हे त्या पिढीने अनुभवले आहे. त्याच सुमारास भाड्याचा व्हीसीआर आला. सणाच्या दिवसांत एका रात्रीसाठी तो आणायचा, तीन सिनेमे ओळीने पाहायचे आणि पहाटे डोळे चोळत परत करायचा.

व्हिडिओ गेमची खरी ओळख झाली ती १९९० च्या दशकात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले होते. त्याच्या स्वस्त नकला आशियाभर पसरल्या आणि आपल्याकडच्या बाजारांतही आल्या. एका कार्ट्रिजवर '९९९९ खेळ' असे छापलेले असायचे. प्रत्यक्षात तेच वीस-पंचवीस खेळ पुन्हा पुन्हा यायचे, हे आज चाळिशीत असलेल्या अनेकांना आठवत असेल.

त्या यंत्रांचा एक गुण आज ध्यानात घेण्याजोगा आहे. बहुतेक टीव्हींना मागे अँटेनाचे एकच भोक असे. गेम खेळायचा तर अँटेनाची वायर उपटून गेमची वायर खोचावी लागे आणि गेमसाठी ठरलेला चॅनल लावावा लागे. म्हणजे घरातले भांडण उघड होते. वायर कोणी उपटली ते साऱ्यांना दिसे आणि बातम्यांच्या वेळी ती पुन्हा जागेवर खोचली की काम भागे. आज टीव्हीला दोन-तीन एचडीएमआय खाचा असतात आणि सगळ्या पेट्या एकाच वेळी जोडलेल्या राहतात. वायर कोणी उपटत नाही. टीव्ही कोणत्या पेटीचे ऐकतो आहे, हे मात्र पडद्याआडच्या एका यादीत दडलेले असते. ती यादी इंग्रजीत, आणि तिच्याकडे नेणारे बटण चाळीस बटणांच्या रिमोटवर कुठेतरी कोपऱ्यात. टीव्ही बिघडत नाही, तो फक्त नातवाच्या रिकाम्या खाचेकडे तोंड करून बसलेला असतो.

डबलबारीचा धडा

गेम निवडताना पहिला प्रश्न माणसांचा. डबलबारीत गाणारे बुवा दोनच, पण ऐकायला सारा गाव. कोणी कोणाला कसा पेच घातला, त्याला उत्तर कसे मिळाले, यात ऐकणाऱ्यालाही तेवढाच रस. घरात चांगला चालणारा व्हिडिओ गेम असाच असतो. खेळणारे दोन किंवा चार, पाहणारे आठ, आणि पाहणाऱ्यांना काय चालले आहे ते समजते.

फॅमिकॉमला दोन कंट्रोलर यंत्रालाच जोडलेले यायचे. म्हणजे दुसरा खेळाडू त्या पेटीतच गृहीत धरलेला होता. आज उलट झाले आहे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या खोक्यात साधारणपणे एकच कंट्रोलर मिळतो; दुसरा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यालाच पाच-सहा हजार रुपये पडतात. शिवाय आजचे अनेक गाजलेले खेळ एकट्याने खेळायचे, किंवा इंटरनेटवरून दूरच्या कोणाशी खेळायचे असतात. चार चुलत भावंडे एका चटईवर बसली आहेत आणि खेळ एकाचाच, असे झाले की तासाभरात रडारड ठरलेली. म्हणून खेळ विकत घेण्यापूर्वी खोक्याच्या मागची बाजू वाचावी. किती जणांना एकत्र खेळता येईल ते तिथे छापलेले असते. 'एका घरात, एका पडद्यावर' किती आणि इंटरनेटवर किती, हे दोन वेगळे आकडे असतात. आपल्याला पहिला हवा.

मोठ्यांना खेळात ओढायचे कसे, याचा विचारही त्याच निन्टेन्डो कंपनीने केला होता. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांचे म्हणणे असे की टीव्हीच्या रिमोटला घरातली सगळी माणसे हात लावतात, पण गेमच्या कंट्रोलरला लावत नाहीत. म्हणून २००६ च्या अखेरीस आलेल्या 'वी' या यंत्राचा कंट्रोलर रिमोटसारखाच लांबट केला गेला आणि त्याला नावही 'रिमोट' असेच दिले गेले. हात फिरवला की पडद्यावर बॅट फिरते. बटणे पाठ करण्याची गरज नाही. ही यंत्रे जगभर दहा कोटींहून अधिक खपली, आणि अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत आजी-आजोबा त्यावर बोलिंगच्या स्पर्धा लावू लागले. 'वी'चा काळ आता सरला. पण धडा टिकून आहे. ज्या खेळात हाताची हालचाल ओळखीची, त्यात आजोबाही उतरतात. टेनिस, बोलिंग, मोटारींची शर्यत, नाचाचा खेळ हे प्रकार त्यातले. बंदुका घेऊन अंधाऱ्या गल्लीतून फिरण्याचे खेळ आजोबा पाहणार नाहीत आणि नातवालाही पाहू देणार नाहीत.

तीन पेट्या, तीन स्वभाव

आज ज्यांची नावे कानावर येतात ती यंत्रे तीन घराण्यांची.

पहिले सोनीचे प्लेस्टेशन. प्लेस्टेशन पाच भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. तेव्हा डिस्क लागणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि डिस्क न लागणाऱ्याची ३९,९९० रुपये होती. नंतर किमती बदलत गेल्या, तेव्हा घेताना चौकशी करावी. गावच्या घरासाठी डिस्कचे यंत्र बरे. डिस्क भावाला देता येते, जुनी विकता येते, दुसऱ्याकडची मागून आणता येते. डिस्क नसलेल्या यंत्रावर घेतलेला खेळ ज्याच्या खात्यावर घेतला त्याचाच राहतो. त्याआधीचे प्लेस्टेशन चार आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये आले. ते जुन्या बाजारात आजही मिळते, त्याच्या डिस्क स्वस्त आहेत, आणि त्या बहुतेक डिस्क प्लेस्टेशन पाचच्या डिस्कवाल्या यंत्रावरही चालतात. जुने घेताना मात्र दुकानात निदान अर्धा तास चालवून पाहावे. पंखा विमानासारखा घरघरतो का, डिस्क नीट आत-बाहेर होते का, कंट्रोलरची दांडी न हलवता खेळातला माणूस आपोआप सरकतो का, हे तीन दोष अर्ध्या तासात दिसतात.

दुसरे मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स. त्यातले 'सीरिज एस' नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आले. आकाराने लहान, विजेला हलके, किमतीत बसणारे. पण त्याला डिस्कची खाचच नाही. प्रत्येक खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. हा गुण की दोष, ते घरच्या नेटवर ठरते.

तिसरे निन्टेन्डोचे स्विच, मार्च २०१७ मध्ये निघालेले. ते टीव्हीला जोडून खेळता येते आणि हातात धरूनही. सोबतच्या कंट्रोलरचे दोन तुकडे होतात, म्हणजे दुसरा खेळाडू खोक्यातच आला. खेळ नखाएवढ्या कार्डावर मिळतात आणि त्यातले बरेचसे नेटशिवाय चालतात. अडचण एकच, पण मोठी. हे यंत्र कंपनीने भारतात अधिकृतपणे विकायला आणलेच नाही. कोणी दुबईहून आणते, कोणी मुंबईच्या दुकानातून घेते. बिघडले तर कंपनीच्या दाराशी जाण्याची सोय नाही. एकेकाळी आखातातून आलेल्या टेपरेकॉर्डरची जी गत होती, तीच ही.

साठ जीबीचा डोंगर

दुसरा प्रश्न नेटचा. मुंबईत तो कोणाला सुचत नाही. मसुऱ्यात तो आधी विचारावा लागतो. आजचा एक मोठा खेळ सहज ६० जीबीचा असतो, काही त्याच्या दुपटीचे. गावात सेकंदाला १० मेगाबिटचे नेट मिळाले, तर ६० जीबी उतरायला सलग तेरा-चौदा तास लागतात. मोबाइलच्या दररोज दीड जीबीच्या योजनेवर उतरवायचे म्हटले, तर ४० दिवस. म्हणजे गणपतीत सुरू केलेला खेळ दिवाळीच्या तोंडावर लागेल! पुढे त्याची सुधारित आवृत्ती येते, ती आणखी काही जीबीची. डिस्क घेतली म्हणूनही सुटका नसते. पुष्कळ खेळ डिस्क घातल्यावरही आणखी काही उतरवून मागतात.

यावर उपाय सोपा आहे. यंत्राची पहिली जोडणी, खाते उघडणे आणि खेळ भरणे ही सारी कामे मुंबईतच उरकावीत. काही यंत्रे पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट मागतातच. प्लेस्टेशन पाचच्या नव्या सडपातळ आवृत्तीला डिस्कचा भाग वेगळा बसवता येतो. तो पहिल्यांदा जोडतानाही नेट लागते. हे ठाऊक नसले की कणकवलीला उतरून घरी आलेली पन्नास हजारांची पेटी आरतीच्या ताटाशेजारी गप्प बसून राहते. निघण्यापूर्वी एकदा घरचे वाय-फाय बंद करून खेळ लागतो का, ते पाहावे. पाच मिनिटांची परीक्षा, पण दहा दिवस वाचवते.

वीज, पाऊस आणि मुंग्या

तिसरा प्रश्न विजेचा. प्लेस्टेशन पाच मोठा खेळ खेळताना सुमारे २०० वॅट घेते, एक्सबॉक्स सीरिज एस ७५-८० वॅट, आणि टीव्हीला जोडलेले स्विच पंधरा वॅटांच्या आसपास. वीज असताना हा फरक कळत नाही. ती गेली की कळतो. घरच्या इन्व्हर्टरला १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी आहे, तिच्यावर टीव्ही, दोन पंखे आणि दिवे चालू आहेत असे धरू. त्यात प्लेस्टेशनची भर पडली तर बॅटरी दोन-अडीच तासांत मान टाकते. स्विच असेल तर चार तासांपर्यंत तग धरते. आणि रात्री पंखा बंद पडला, तर उकाड्यात जागे राहायचे ते म्हाताऱ्यांनी. इन्व्हर्टरवर मोठा गेम लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाकावा.

विजेचे दुसरे रूप आकाशातले. मेअखेरीस वळवाच्या पावसात आणि पुढे ऑक्टोबरात परतीच्या पावसात कोकणात कडकडाट होतो. नेमकी मेची सुटी, गणपती आणि दिवाळी याच्याच आसपास. बटण बंद केले म्हणजे यंत्र वाचले, असा समज आहे. तो खरा नाही. ढग गडगडू लागले की प्लग भिंतीतून काढावा. तेवढ्यानेही भागत नाही. छपरावरच्या छत्रीची वायर आणि नेटची वायरही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही घरात शिरते. सर्ज रोखणारी पट्टी लावणे चांगले. विजेच्या दाबातले चढउतार ती सोसते, पण जवळ पडलेल्या विजेपुढे तिचे काही चालत नाही. आणि घराचे अर्थिंग ठीक नसेल तर ती पट्टी नावापुरतीच. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने मालवण तालुक्यात विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक वाड्या अंधारात राहिल्या. अशा वेळी वीज पुन्हा येते ती धडपडत येते. ती स्थिर झाली असे दिसल्यावरच प्लग लावावा.

उरला दमट हवेचा त्रास. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वाऱ्यात समुद्राचे मीठ असते. बंद ठेवलेल्या यंत्राच्या आत ओल धरते. पाठीमागच्या जाळीतून मुंग्या शिरतात, पाली ऊब शोधत येतात. यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवणे हा त्यावर उपाय नाही. ओल आतच कोंडते. कोरड्या दिवशी हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. कंट्रोलरची बॅटरी पूर्ण रिकामी करून वर्षभर ठेवली तर ती बहुधा मरते. अर्धी भरून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थोडी भरावी. न वापरायच्या रिमोटमधले सेल काढून ठेवावेत. दमट हवेत ते पाझरतात आणि रिमोटच्या स्प्रिंगा खातात.

दोन बटणांचा नियम

आता पुन्हा टीव्हीखालच्या त्या फळीकडे. तिथल्या गर्दीला एकच कसोटी लावावी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दोन बटणांत बातम्या लागल्या पाहिजेत. एक टीव्हीचे, एक सेट-टॉप बॉक्सचे. तिसरे बटण लागत असेल तर मांडणी चुकली.

यासाठी थोडी पूर्वतयारी पुरते. सेट-टॉप बॉक्स नेहमी पहिल्या एचडीएमआय खाचेत असावा. गावात पुष्कळ घरांवर दूरदर्शनच्या मोफत सेवेची छत्री आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला दरमहा पैसे पडत नाहीत आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. तिचा बॉक्स जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला असेल, तरी हरकत नाही. फक्त जागा कायमची ठरलेली हवी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सुरू होताना कोणती खाच' हे ठरवण्याची सोय बऱ्याच टीव्हींत असते. ती शोधून आजीच्या बॉक्सची खाच तिथे नक्की करावी. म्हणजे नातवाने रात्री काहीही लावलेले असो, सकाळी टीव्ही आपल्या घरी परत येतो.

दुसरी सोय आहे ती एचडीएमआयच्या वायरीतून पेट्यांनी एकमेकींशी बोलण्याची. तिला सीईसी म्हणतात. सॅमसंग तिला ॲनीनेट म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राविया सिंक; वस्तू एकच. ती चालू असली की गेम सुरू केल्यावर टीव्ही आपोआप गेमकडे वळतो. एकाच रिमोटवर बरेच काही चालते, हा तिचा फायदा. पण काही टीव्ही गेम बंद झाल्यावर परत वळत नाहीत, आणि कोणाचा पाय लागून कंट्रोलरचे बटण दाबले गेले तर बातम्यांच्या मध्येच चित्र पळते. गावच्या घरी ती सोय सणापुरती चालू ठेवावी आणि निघताना बंद करावी.

स्पीकरचे प्रकरण याहून नाजूक. आरत्या आणि भजने मोठ्याने लागावीत म्हणून कोणी साउंडबार आणतो, टीव्हीचा आवाज त्याच्याकडे वळवतो आणि जाताना तो सोबत घेऊन जातो. टीव्ही बिचारा आवाज तिकडेच पाठवत राहतो. मग दुसरा फोन येतो, "चितार दिसता, आवाज येणा नाय!" बार काढला की सेटिंगमध्ये आवाज पुन्हा टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर आणणे, हे नेणाऱ्याचे काम.

रिमोटांची गर्दी कमी करायची तर ज्यांचे रोज काम नाही ते एका डब्यात घालून वर ठेवावेत. उरलेल्या दोन रिमोटांवर लागणाऱ्या बटणांना लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. टीव्हीच्या रिमोटवर एक, बॉक्सच्या रिमोटवर एक. कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत तीन ओळी लिहून त्या टीव्हीशेजारी चिकटवाव्यात. हजारो रुपयांच्या कोणत्याही 'स्मार्ट' उपकरणापेक्षा हा ठिपका जास्त कामाचा.

वेगळा टीव्ही घ्यावा का?

इथे कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? मुलांसाठी वरच्या खोलीत जुना टीव्ही किंवा मॉनिटर लावून द्यावा. आजीचा टीव्ही आजीचा, नातवाचा नातवाचा. भांडण मिटेल, फोन थांबतील. खरे आहे. पण त्या दहा दिवसांत नातवंडे माळ्यावर आणि आजी-आजोबा माजघरात, असे झाले तर गावी येऊन साधले काय? घरातली गजबज हीच या घरांची वर्षभराची कमाई. गेममुळे ती दोन मजल्यांवर वाटली जाणार असेल, तर गेम स्वस्तातला असला तरी महाग पडला.

म्हणून आमचे मत असे, की गावच्या घरी गेम माजघरातल्या टीव्हीवरच लावावा. सर्वांनी पाहावा, सर्वांच्या वेळा सांभाळून खेळावा आणि खेळणाऱ्यांबरोबर तो परत जावा. पाहुण्याची पेटी पाहुण्याबरोबर. या हिशेबाने उचलून नेता येणारे हलके यंत्र बरे, आणि मोठे घेतलेच तर त्याची एचडीएमआय वायर व प्लगसुद्धा सोबत न्यावे. अडकवून ठेवलेली एकटी वायरही उगाच घोळ घालते.

वयाचा प्रश्न याच चटईवर सोडवावा. खोक्यांवर युरोपातील 'पेगी' पद्धतीचे ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात किंवा अमेरिकेतील पद्धतीची अक्षरे असतात. हे आकडे खेळ किती अवघड ते सांगत नाहीत. त्यातला मजकूर कोणत्या वयाला योग्य ते सांगतात. चौदा वर्षांचा दादा आणि सहा वर्षांची बाय एकाच पडद्यासमोर असतील, तर आकडा बायच्या वयाचा धरावा. लहानग्यांबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे. दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभराच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेमच्या व्यसनाची नोंद आहे. पण ती खेळावरचा ताबा सुटून अभ्यास, झोप, माणसे सारे मागे पडते आणि हे साधारण वर्षभर चालते, अशा अवस्थेची. सणातल्या दोन संध्याकाळी नातू गेमला चिकटला म्हणून आजीने घाबरून जाऊ नये. तसेच, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही निराळीच गोष्ट. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्या दोहोंची गल्लत नको.

निघण्यापूर्वीचा अर्धा तास

चाकरमान्यांच्या येण्याचे वेळापत्रक ठरलेले असते. गणपती, मेची सुटी, आणि आंगणेवाडीची जत्रा, जिची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते. प्रत्येक परतीच्या दिवशी सामान बांधताना अर्धा तास टीव्हीसाठी ठेवावा. पाहुण्यांच्या पेट्या काढाव्यात, आवाज टीव्हीवर आणावा, सुरू होण्याची खाच तपासावी. मग टीव्ही बंद करून रिमोट आजीच्या हातात द्यावा आणि आपण हात मागे घेऊन उभे राहावे. तिने स्वतः टीव्ही लावावा, स्वतः वाहिनी बदलावी, स्वतः आवाज कमी-जास्त करावा. एकदा नव्हे, दोनदा. अडली तर सांगावे, पण रिमोट हातातून घेऊ नये. आपण लावून दाखवले म्हणजे तिला आले असे होत नाही.

घरच्या माणसांना यात कमीपणा वाटतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. ज्या बाईने पावसाळाभर गोठा सांभाळला, ज्या माणसाने आयुष्यभर होडी किंवा शेत हाकले, त्यांना 'खयच्या रिमोटवर?' हा प्रश्न मुंबईला फोन करून विचारावा लागतो. पुष्कळदा ती माणसे विचारतच नाहीत. टीव्ही बिघडला असे म्हणून गप्प बसतात, आणि पुढच्या सणाला कोणी आले की तो दोन मिनिटांत सुरू होतो. मधले महिने त्या घरात बातम्या नसतात, भजन नसते, संध्याकाळचा माणसाचा आवाज नसतो. गेम कोणता घ्यावा याचा विचार मुंबईच्या दुकानात खुशाल करावा. पण पैसे मोजण्यापूर्वी एक फोन गावी लावावा आणि विचारावे, "आजी, टीव्ही लागता मा?"